घट्टा आणि कुरूप: मित्रास पत्र

सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर तू सतार हाती घेतलीस आणि रोज पहाटे दोन तास बसतोस, हे वाचून फार आनंद झाला. 'तारेने डाव्या हाताच्या बोटांना कुरूप झाले आहे,' असे तू लिहिले आहेस आणि पुढे 'की याला दुसरा शब्द आहे?' असे विचारले आहेस. दुसरा शब्द आहे, आणि तुझ्या बोटांवर जे आले आहे त्याला तोच शोभतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुझ्या बोटांना घट्टे पडले आहेत. कुरूप निराळे. ते बहुधा पायाला होते. त्याच्या मध्यभागी कठीण झालेल्या कातडीची खुंटी आत शिरलेली असते आणि पाऊल टेकले की ती खड्यासारखी रुतते. वरून ते वाटोळे आणि मध्ये टिपका असलेले दिसते. काही ठिकाणी त्याला भोवरी म्हणतात, तो शब्द भोवऱ्याच्या कुळातला आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, 'कदर' नावाचा विकार सांगितला आहे, तो हाच. खडे किंवा काटे टोचून पायाला बोराएवढी दुखरी गाठ येते, असे त्याचे वर्णन आहे. तेव्हा कुरूप हा रोग आहे. घट्ट्याला मात्र मी रोग म्हणणार नाही.

कातडीवर एकाच जागी, बेताने पण रोज घासण पडत राहिली, की तिथल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त वेगाने तयार होऊ लागतात आणि वरचा मृत पेशींचा थर जाड होत जातो. या थरात ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतूंची टोके, म्हणून तो सोलला तरी दुखत नाही. तीच घासण एका दिवसात फार झाली तर घट्टा न पडता फोड येतो. तुला पहिल्या आठवड्यात फोड आले असतील, कारण मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाताना, तर्जनी आणि मधले बोट ताणलेली तार पडद्यावर आडवी ओढतात.

आता शब्दाकडे वळतो. संस्कृतात 'घट्ट्' हा धातू हलवणे, घासणे या अर्थांनी येतो, आणि 'घृष्ट' म्हणजे घासलेले, याचे प्राकृत रूप 'घट्ठ' होते. मराठीत आपण 'घट्ट' म्हणतो ते मात्र टणक, आवळलेले या अर्थाने. मला असे वाटते की 'घट्टा' म्हणताना मराठी माणसाच्या कानात दोन्ही वाजतात, घासणेही आणि टणक होणेही, म्हणजे कारण आणि परिणाम एकाच शब्दात. संस्कृतात खुद्द घट्ट्यासाठी 'किण' हा शब्द आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपस्वी दुष्यंताला सांगतात, की आश्रमातले निर्विघ्न चाललेले विधी पाहिलेस म्हणजे 'मौर्वीकिणाङ्क' असा तुझा बाहू किती रक्षण करतो ते तुला कळेल. धनुष्याच्या दोरीने पडलेला घट्टा हीच त्या बाहूची खूण. राजाच्या अंगावरचे दागिने सोडून कवीने घट्टा निवडला, याचे मला आजही नवल वाटते.

लॅटिनमध्येही असेच काहीसे घडले आहे. 'कॅलम' म्हणजे कठीण झालेली कातडी. त्याच कुळातले 'कॅलेरे' हे क्रियापद कातडी निबर होणे आणि अनुभवाने एखादी गोष्ट जाणणे अशा दोन्ही अर्थांनी येते, आणि 'कॅलिडुस' म्हणजे मुरलेला, चतुर. इंग्रजीत त्यातून आलेला 'कॅलस' हा शब्द माणसाला लावला, की तेवढा निष्ठुरपणाच उरतो. मराठीने हातापुरता तरी सन्मान सांभाळला आहे. 'हाताला घट्टे पडले' हे आपण कष्टाची ग्वाही म्हणून सांगतो, आणि 'मनाला घट्टे पडले' म्हणतो तेव्हा त्यात दोषापेक्षा हळहळ जास्त असते, कारण ते मन एके काळी मऊ होते आणि ते बरेच घासले गेले आहे, हे त्या बोलण्यात गृहीत असते. निगरगट्ट माणसाविषयी आपण असे कधी हळहळत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाच्या जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतो, तिथे तर घट्ट्यालाच आमंत्रण असते.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे मजकुराची अक्षरे जुळवणारे, होते, हे तुला ठाऊक आहे. डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे छोट्या धातूच्या पट्टीवजा साच्यात, खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, रचताना ओळ ढळू नये म्हणून अंगठा सतत शिशावर दाबून धरावा लागे. त्या अंगठ्याच्या आतल्या कडेला चिंचोक्याएवढा, पिवळसर, काचेसारखा गुळगुळीत घट्टा होता. लहानपणी मी त्यावर नख वाजवून पाहत असे आणि ते न दुखता हसत असत. 1991 मध्ये छापखाना बंद झाला. चारपाच महिन्यांत त्या घट्ट्याचे पापुद्रे निघून गेले आणि खाली लहान मुलासारखी गुलाबी कातडी आली. एका संध्याकाळी ते कितीतरी वेळ तो अंगठा तर्जनीने चोळत बसलेले मी पाहिले. मी काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, बोटांचे घट्टे ब्लेडने तासू नकोस. फार वाळून चिरा पडल्या तर रात्री थोडे खोबरेल लाव, पण रियाजाच्या आधी नको, नाहीतर तार सटकेल. पायाला खरेच कुरूप असेल तर मात्र ते घरी कापू नकोस. तुला मधुमेह आहे, आणि पायाची संवेदना कमी झाली असेल तर जाड कातडीखाली झालेली जखम कळत नाही. ते डॉक्टरांनाच दाखव.

मधल्या बोटावर तारेची रेघ खोल उमटली आहे की तर्जनीवर, ते पुढच्या पत्रात अवश्य लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकमित्र