गाळ निघाला, तुडूम तसेच राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तलावांवर पोकलेन उतरते आणि किती गाळ निघाला याचे आकडे येऊ लागतात. मौदा तालुक्यातील माझ्या मूळ गावच्या माजी मालगुजारी तलावाचे (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारे जुने जमीनदार), म्हणजे आमच्या मामा तलावाचे, असेच काम दोन वर्षांपूर्वी झाले. मधला भाग पुरुषभर खोल खणला गेला. तुडूम (शेताला पाणी सोडण्याचे तलावाचे दार) आणि सांडवा (जादा पाणी बाहेर पडण्याची वाट) यांना मात्र कोणी हात लावला नाही. यंदा दिवाळीत गावी गेलो तेव्हा तुडुमाच्या फटीतून मनगटाएवढी धार वाहत होती आणि ती अडवण्यासाठी कोणीतरी तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, पेंडी चिखलात माखून कोंबली होती. उन्हाळ्यात पाणी उरले ते मधल्या खड्ड्यात, आणि त्याच्या कडा इतक्या उभ्या की म्हशींना उतरता येईना.

तुडुमाच्या तळापेक्षा खाली साठलेले पाणी पाटाने बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जात नाही, त्यासाठी मोटर लावावी लागते, हे जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्याला बहुधा सांगावे लागते. शिवाय चिकणमातीचा थर खरवडून मुरूम उघडा पाडला, तर तलावातले पाणी झिरपून जाते. आसपासच्या विहिरींना त्याचा फायदा होईलही, पण धानाला शेवटचे पाणी मिळत नाही.

पूर्व विदर्भातील असे अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले आणि त्यांची देखभाल गावेच करीत. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले. निस्ताराचा, म्हणजे रोजच्या गरजांसाठी तलाव वापरण्याचा, हक्क गावाकडे राहिला, पण पावसाळ्याआधी पाळीवरची (तलावाच्या मातीच्या बांधावरची) झुडपे काढणे आणि उंदीर-खेकड्यांची बिळे बुजवणे हे नेमके कोणाचे काम, ते आमच्या गावात आजही ठरलेले नाही. धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, शेतकऱ्याला पाणी सोडून हवे असते, तर मासेमारीचा ठेका घेतलेल्या ढिवर बांधवांना ते राखून हवे असते. हा वाद दरवर्षी पाळीवर उभे राहूनच मिटवला जातो.

म्हणून संबंधित विभागाला विनंती आहे की, खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात तुडूम, सांडवा, पाळ आणि येव्याचे (तलावात पाणी आणणारे) नाले यांची दुरुस्ती आधी धरावी, गाळ कडेकडेने उतार राखून काढावा, आणि पाणी कधी व किती सोडायचे याचा ठराव पावसाळा संपताच ग्रामसभेत शेतकरी व ढिवर दोघांना बसवून करावा. मासेमारीच्या ठेक्यातील काही रक्कम त्याच तलावाच्या डागडुजीसाठी राखून ठेवता आली, तर निदान तणसाची पेंडी तरी कोंबावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक, नागपूर