मंत्रिमहोदय, गाठीचा नकाशा असा काढत नाहीत

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गणपतीआधी आमच्या जिल्ह्यात कर्करोग माहिती कक्ष सुरू करू, हा शब्द आपला. कक्ष सुरू झाला. भिंतभर पडदा, त्यावर पाय-चार्ट: तोंड इतके टक्के, स्तन इतके टक्के. गाठ का होते, कशी वाढते, यातलं एक अक्षरही त्यातून कळत नाही.

गाठ समजायला तक्ता वेगळा लागतो. आडव्या ओळीत जनुक, उभ्या रकान्यात रुग्ण, बिघाड असेल तिथे रंगीत चौकोन. रकाने नीट लावले की कोणती जनुकं जोडीने बिघडतात, कोणती सहसा एकत्र बिघडत नाहीत, ते डोळ्यांनी दिसतं. न जुळणारी जोडी बहुधा पेशीतल्या संदेशांच्या एकाच साखळीतली असते. एक कडी तुटली की दुसरी तुटायची गरज उरत नाही. 2013 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कर्करोगात टीपी53, फॅट1, कॅस्प8, एचरास, नॉच1 ही जनुकं वारंवार बिघडलेली दाखवली. सुरुवात 50 रुग्णांच्या गाठींपासून झाली होती. पन्नास! हा आकडा जिल्ह्याला जड नाही.

पण आपल्या रुग्णनोंदणीच्या फॉर्ममध्ये 'तोंडाचा कॅन्सर' हा एकच पर्याय. गाल सी06.0, खालची हिरडी सी03.1, जीभ सी02, असं रोगांच्या आंतरराष्ट्रीय कोडने वेगळं लिहिलंच नाही, तर मिश्री-गुटखा जिथे धरला जातो तिथली गाठ आणि जिभेची गाठ एकाच रंगात बुडते. पत्त्याचंही तेच. राजापूरचा रुग्ण परळला जातो आणि पुतण्याचा नालासोपाऱ्याचा पत्ता देतो. किमान वर्षभराचं राहतं ठिकाण विचारा, नाहीतर नकाशावरचा ठिपका तिकडे पडतो आणि राजापूर कोरं राहतं. आमची तरणी पोरं मुंबईत, गावात म्हातारी माणसं. वयानुसार प्रमाणित न केलेला, म्हणजे वयाचा फरक वजा न केलेला, दर इथे फसवणारच.

खरा घात मात्र फॉर्मॅलिनच्या, म्हणजे गाठीचा तुकडा टिकवायच्या द्रावणाच्या, बाटलीत होतो. बफर केलेलं (आम्लता वाढू न देणारं) 10 टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, 6 ते 72 तास, एवढं साधं आहे. बफर नसेल तर ते आम्लधर्मी होतं आणि डीएनए तुटतो. फॉर्मॅलिनमुळे सायटोसिन हे डीएनएचं एक अक्षरही बिघडतं, त्याच्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर वाचलं जातं, आणि रुग्णाच्या शरीरात कधीच नसलेला बिघाड तक्त्यावर रंगतो. बफर नसलेल्या बाटलीत शुक्रवारी एसटीने पाठवलेला तुकडा सोमवारी उघडला, तर काय उरणार?

ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात, गाठीच्या पेशी 40 टक्के असतील, तर जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीतला बिघाड साधारण 20 टक्केच दिसतो. 10 टक्के असतील तर 5, आणि तो गोंगाट, म्हणजे वाचनातली चूक, म्हणून फेकला जातो. म्हणून कापण्याआधी पॅथॉलॉजिस्टने स्लाईडवर पेनाने गाठ आखलीच पाहिजे. शिवाय ठिपक्यांचा आलेख (एक ठिपका म्हणजे एक नमुना, सारखे नमुने जवळजवळ) आधी रुग्णालयानुसार रंगवून पाहा. रुग्णालयानुसार गट पडले तर ते बहुधा बाटलीतल्या फरकाचे, रोगाचे नव्हेत.

हे शिकलेल्या, नोंदी भरणाऱ्या ऑपरेटरला 11 महिन्यांचा करार. कोड पाठ झाले की तो घरी, आणि नवा माणूस पुन्हा 'तोंड' लिहितो. पडद्याला पैसे असतात, माणसाला नसतात. खात्यामागून खात्यात हेच चाललं आहे. 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळते, त्यामागेही हीच वृत्ती आहे.

आम्हाला हवंय: प्रत्येक तालुक्याला बफर फॉर्मॅलिन, रोजची नमुनागाडी, दोन कायम नोंदणीकार आणि बदललेला फॉर्म. फॉर्मला तर पैसाही लागत नाही. तो याच आठवड्यात बदला.

आपले,
कोकणातील पॅथॉलॉजिस्ट व कर्करोग नोंदणी कर्मचारी