गिरगावातल्या चांदीकाम करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून हे वाचून दाखवायला तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय.

चोरबाजारात मिळालेलं फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लोकांचं ते चांदीचं पदक आठवतंय ना? गुण्या, आणि त्याच्या काटकोनात लोंबणाऱ्या पत्र्यावर पायथागोरसच्या प्रमेयाची आकृती. लॉजचं, म्हणजे त्यांच्या शाखेचं, अध्यक्षपद भूषवून झालेल्या माणसाचं हे मानचिन्ह. पत्र्याची कडी तुटली होती, एवढंच. पण दुरुस्तीला द्यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येई. आधीचं असंच एक पदक एका चकचकीत दुकानात दिलं होतं. फक्त कडी जोडा, असं बजावूनही त्यांनी त्याला बफ मारला. चांदीचा कस तपासल्याचे लंडनचे छाप, म्हणजे चालता सिंह, बिबट्याचं मुंडकं, सालाचं अक्षर, सगळं सपाट. मागे कोरलेलं नावही गेलं. वर म्हणतात, "बघा, नवंकोरं झालं!" भारतीय लोकांना सभासद होता यावं म्हणून मुंबईत 'रायझिंग स्टार' लॉज निघालं ते १८४३ साली. तेव्हापासून इथली किती माणसं या मंडळींत बसली असतील! त्यातल्या कित्येकांची खूण म्हणून अशा वस्तूवरचं नावच काय ते उरतं. ते पुसलं गेल्याचं अजून सलतं.

तुम्ही मात्र हत्यार उचलायच्या आधी पातळ कागद मागवलात. पदकाच्या पाठीवर तो धरून पेन्सिल आडवी, अलगद घासलीत. नाव उमटलं, मग साल, मग लॉजचा नंबर. "हात म्हातारा झालाय माझा. काही झालंच, तर त्या माणसाचं नाव तरी राहील," म्हणालात. तो माणूस तुमचा कोण, काका? माझे डोळे भरून आले, तेव्हा तुम्ही मुद्दाम चष्मा पुसत बसलात.

आचेनं निळा मिना तडकेल म्हणून झाळलंही नाहीत. चांदीची तार वळवून कडी बसवलीत. उजाळा दिला नाहीत, काळपटपणा राहू दिलात. दुसऱ्याच्या वस्तूचा असा मान ठेवणारी माणसं या शहरात अजून आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

तो कागद मी पदकाच्याच पेटीत ठेवलाय. दिवाळीनंतर पायाभरणीची एक चांदीची थापी घेऊन येतो. तिची मूठ हलते आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही.