दोन ओळींचा पार्टनर

प्रिय मनू,

काल रात्रीचा तुझा मेसेज तीनदा वाचला. ऑनलाइन रोलप्लेसाठी, म्हणजे दोघांनी आपापलं पात्र घेऊन आळीपाळीने एकच गोष्ट लिहायची त्यासाठी, महिनाभर पार्टनर शोधतेयस आणि नऊ जणांना नाही म्हणालीस. कुणी मोबाइलवरून लिहितो, कुणाचं इंग्रजी कच्चं, कुणी दोनच ओळी टाकतो. मने, छत्तीस गुण जुळायची वाट बघत बसलीस तर लिहायचं राहूनच जाईल गं.

मीही तशीच होते. किमान चार परिच्छेद, रोज एक रिप्लाय, व्याकरण चोख. त्या अटींत चपखल बसणारा एकजण भेटलासुद्धा. पहिल्याच पोस्टमध्ये हजार शब्द! पण माझं पात्र काय बोलतं, कुठे वळतं, कधी रडतं, सगळं तोच लिहून मोकळा. गॉडमॉडिंग म्हणतात ते हेच. मला लिहायला काही उरायचंच नाही. तीन आठवड्यांनी एक शब्द न बोलता गायब झाला. फार लागलं ते मनाला.

मग ब्राझीलमधल्या साओ पावलोची एकजण भेटली. तिची भाषा पोर्तुगीज, इंग्रजी शाळेत शिकलेलं तेवढंच. माझे सकाळचे साडेसात म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे अकरा. कामावरून दमून आलेली, अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर लिहायची. मी कोकणातल्या दीपगृहाचा प्रसंग मांडला. वादळ, फुटलेलं गलबत, दारावर थापा मारणारा एकटा खलाशी. चांगल्या तीस ओळी ओतल्या होत्या. तिचं उत्तर आलं: ‘रखवालदाराने दार उघडलं नाही. तो काच पुसत राहिला.’

बस, एवढंच. मी चिडून फोन बाजूला ठेवला. पोळ्या लाटताना मात्र डोक्यात तेच घोळत होतं. का नाही उघडलं दार? त्या एका प्रश्नावर आमची गोष्ट पाच महिने चालली.

मध्येच तिने विचारलं, ती काच मळते तरी कशाने? मला सांगता येईना. रत्नागिरीच्या मामाला फोन लावला. तो म्हणाला, ‘अगं, वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात. मिठाचा थर बसतो काचेवर, मग उजेड लांब जात नाही.’ लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे काढल्या, पण हे कधी विचारावंसं वाटलं नाही. ज्या बाईने कोकण पाहिलेलं नाही, तिला वाटलं.

आणि लांबीचं म्हणशील, तर 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या शब्दांचा कॉम्प्युटर गेम लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. आपल्या छंदाचं एक मूळ तिथलं. उत्तरेला जा, अमुक वस्तू उचल, असं एकेक छोटं वाक्य टाइप करत माणसं एकाच काल्पनिक जगात एकमेकांना भेटायची.

एका बाबतीत मात्र तसूभरही ढिली पडू नकोस. वय आधी विचार, आणि कुठले विषय तुला नकोत ते पहिल्याच दिवशी सांग. तिथे कुणी कुरकुर केली तर सरळ निरोप दे, मग तो कितीही सुंदर लिहो.

आता तो नववा. त्याची ओळ तू मला नाराजीने पाठवलीस: ‘आजीने पत्र चुलीत टाकलं, पाकीट मात्र ट्रंकेत ठेवलं.’ मी रात्री उशिरापर्यंत जागी होते त्या पाकिटापायी. कुणाचं अक्षर होतं गं त्याच्यावर? आज त्याला रिप्लाय कर आणि एवढंच विचार.

तुझी,
वैदू