भीती परतायच्या आत: अर्थमंत्र्यांना एका विमा प्रतिनिधीचे खुले पत्र

माननीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचे जाहीर केले, आणि माझा फोन थांबेना. वर्षानुवर्षे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारी माणसे स्वतःहून विचारू लागली, ‘आज पैसे भरले तर उद्यापासून लागू होईल ना?’

बहुतेकांना मला ‘नाही’ म्हणावे लागले. आरोग्य विम्याला प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ दावा करता येत नाही. मुदत विम्याआधी (ठरावीक वर्षांत मृत्यू आल्यास कुटुंबाला पैसे देणारा विमा) वैद्यकीय तपासणी लागते आणि तीच खोळंबली होती. नुकतेच आजारातून उठलेल्यांचे अर्ज कंपन्यांनी पुढे ढकलले. कंपन्यांचीही अडचण मी समजू शकतो. साथ दारात आल्यावर विमा मागणाऱ्यांत आजारी पडण्याची शक्यता जास्त असलेलेच अधिक असतात, मग हप्ता वाढतो आणि धडधाकट माणूस मागे सरतो.

त्याच महिन्यांत जुने ग्राहक मात्र गळत होते. ज्या साथीने विम्याची गरज पटवली, तिनेच पगार थांबवला. दहा-दहा वर्षे चालवलेली पॉलिसी एका हप्त्यापायी बंद पडलेली मी पाहिली आहे. पुढे पैसे हाती आले तेव्हा ती माणसे नवखी ठरली: वय वाढलेले, एखादा आजार जडलेला, प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून. मला सर्वांत जास्त बोचते ते हे. ‘साथीत विम्याची मागणी वाढली’ असे अहवालात वाचतो, तेव्हा विमा हवा असूनही सोडावा लागलेली ही माणसे त्यात कुठे दिसत नाहीत.

आणि भीतीने घेतलेला विमा भीतीबरोबरच जातो. पुरानंतर पूर विमा घेणाऱ्यांची संख्या उसळते आणि काही वर्षांत पुन्हा खाली येते, हे अमेरिकेत दिसून आले आहे. मी २०२० मध्ये घाईने दिलेल्या कित्येक पॉलिसींचे नूतनीकरण पुढे झालेच नाही.

व्यवसायांचे दुखणे वेगळे. आग एका दुकानाला लागते आणि बाकीच्यांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते. महासाथीत सगळ्यांचीच दारे एका दिवशी बंद होतात. ब्रिटनमध्ये व्यवसाय-खंड विम्यातल्या, म्हणजे धंदा बंद पडल्यास नुकसान भरून देणाऱ्या विम्यातल्या, शब्दांचा अर्थ लावायला प्रकरण जानेवारी २०२१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हा भार एकट्या कंपन्यांना पेलणारा नाही. पण त्याच देशात बॉम्बस्फोटांनंतर पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी, दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढले, तेव्हा १९९३ मध्ये सरकारी हमीवर ‘पूल री’ हा सामायिक निधी उभा राहिला. महासाथीसाठी तशी सोय करता येईल. तिला वेळ लागेल, हे मला कळते.

माझी तातडीची मागणी त्याहून लहान आहे. महासाथ जाहीर झाली की चालू पॉलिसींना हप्ता भरण्यासाठी कायद्यानेच किमान सहा महिन्यांची सवलत मिळावी, आणि त्या काळात पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ पुसला जाऊ नये. साथीच्या आजाराचा दावा मिळेल की नाही, हे पॉलिसीच्या पहिल्याच पानावर साध्या भाषेत छापलेले असावे. हा नियम आत्ता, कोणी घाबरलेले नसताना करावा लागेल.

आपण वेळ दिलीत तर बंद पडलेल्या पॉलिसींची टिपणे, ग्राहकांची नावे वगळून, मी घेऊन येईन.

आपला,
एक विमा प्रतिनिधी