कोशर म्हणजे महाग, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जगभरातल्या डाएटवर जे पान काढलंत त्यात एक चौकट कोशरवर, म्हणजे आम्हा ज्यू लोकांच्या खाण्याच्या नियमांवर, होती, बघून आधी बरं वाटलं की चला आमची कोणालातरी आठवण झाली, आणि पुढचं वाचता वाचता हातातला चहा गार झाला. म्हणे कोशर स्वयंपाकघर म्हणजे दोन फ्रीज, दोन ओव्हन, परदेशातून मागवलेलं मीठ, प्रत्येक डब्यावर कोशर असल्याचा शिक्का, आणि म्हणून सामान्य कुटुंबाला न झेपणारा प्रकार. अहो आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलणारे, मूळचे अलिबागकडचे, आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले तेव्हापासून वडोदऱ्याचे. आमच्या घरी फ्रीज एकच आहे आणि तोही सिंगल डोअर. ओव्हन नाहीच. मांस आणि दूध आम्ही एकत्र येऊ देत नाही, म्हणून मटणाची दोन पातेली आणि एक पळी तेवढी वेगळी, त्यांच्या कानाला लाल दोरा बांधलाय म्हणजे घाईत कोणी त्यात दूध तापवायला नको, झालं आमचं कोशर किचन.

आधी त्या मिठाचं सांगते कारण त्याचा मला फारच राग आला. कोशर मीठ म्हणजे काही मंतरलेलं मीठ नाही हो. मटणातलं रक्त काढायला जाडं मीठ लागतं, बारीक मीठ लगेच विरघळून आत जातं, जाडं वर राहून ओढून घेतं, तेवढ्यासाठी ते नाव पडलं. अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग सगळीकडून जाडं मीठ चोळून तासभर तिरक्या ताटात निथळत ठेवायचं आणि तीन पाण्यांनी धुवायचं. आणि आपण राहतो कुठे? गुजरातमध्ये! खाराघोड्याचं खडेमीठ इथे कुठल्याही किराणावाल्याकडे मिळतं, तेच आजीने वापरलं तेच मी वापरते. ऑनलाइन त्याच खड्यांचा छोटा डबा बघा केवढ्याला आहे, मी बघितला आणि मोबाइल उलटा ठेवला.

आता महाग काय आहे ते पण खरं खरं सांगते, महाग आहे मटण. इथे आमच्या पद्धतीने कापणारं कोणी नाही, त्यामुळे महिन्यातून एकदा मामेभाऊ अहमदाबादहून येतो तेव्हा थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणतो, आणि तो कधी येतो कधी नाही. म्हणून काय होतं, महिन्यातले सव्वीस सत्तावीस दिवस आमच्याकडे भाजी, डाळ, अंडी, नाहीतर खवलं आणि पंख दोन्ही असलेला मासा, म्हणजे रोहू कटला. कोळंबी खेकडा बाद, मांगूर बाद, तेवढे पैसे आपोआप वाचले. भाजी, डाळ, तांदूळ, फळं जशी शेतातून येतात तशी घेतली तर त्यांना कसलाच शिक्का लागत नाही, हे त्या चौकटीत एका ओळीत तरी लिहायचं होतंत की.

पण शिक्का लागत नाही म्हणजे काही बघायचंच नाही असं नाही. किडा खाणं आम्हाला चालत नाही, चुकून सुद्धा नाही, म्हणून पालेभाजीचं पान न् पान उजेडात धरून बघायचं. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात टाकायचे आणि स्टूल ओढून बसायचं, जरा वेळाने एखादी हिरवी अळी हळूच वर येते, अगदी देठाच्याच रंगाची, तिला बघायला माझ्या नातवाला इतकी मजा येते की फ्लॉवर असला की तो अभ्यास सोडून ओट्यापाशी येतो. अंडं पण थेट तव्यावर नाही फोडायचं, आधी वाटीत, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. एक अंडं जातं पण बाकीची पाच वाचतात ना.

आता या बघण्यामुळेच आमचं ऋतूप्रमाणे खाणं ठरतं. पावसाळ्यात मेथी पालक फ्लॉवर घेतला तर निवडण्यातच दिवस जातो आणि अर्धी जुडी फेकावी लागते, म्हणून आषाढापासून दुधी, गिलकी, पडवळ, कंटोली, भोपळा. शेजारच्या काकूंचा चातुर्मास आणि माझा फ्लॉवरचा उपास एकदमच चालू होतो, त्या कांदा लसूण सोडतात मी पाला सोडते, आणि दोघींच्या पिशव्यांत दुधी तोच. थंडी पडली की मग विचारू नका. संध्याकाळी सात नंतर खंडेराव मार्केटला जायचं, लारीवाल्यांना घरी जायची घाई असते, मेथीच्या तीन जुड्या दोनच्या भावात, आणि वर कोथमीर मिरची मफत मागायची, लाजायचं नाही. पापडी, तुरीचे ओले दाणे, हिरवा लसूण, जांभळा कंद, मोगरी, दोन महिने नुसती चंगळ.

उंधियू, ही इकडची थंडीतली मिसळीची भाजी, तर आमच्यासाठीच केल्यासारखा आहे कारण तो तेलातला, तूप नाही, म्हणजे मटणाच्या दिवशी पण चालतो. आमच्यात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही, मटण खाल्लं की आमच्या घरी सहा तास दूध दही तूप काही नाही. तर एकदा उत्तरायणला भाऊ मटण घेऊन आला होता आणि मला पतंगाच्या गडबडीत वेळ नव्हता म्हणून एका दुकानातून दोन किलो उंधियू आणला, आधी विचारून हं, फक्त सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचंच तेल ना? हो हो म्हणाला. घरी येऊन त्यातली मुठिया, म्हणजे मेथीचा मुटका, चाखली तर आंबटसर. परत गेले तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो "बेन, थोडुं दही तो नाखवुं ज पडे." म्हणजे थोडं दही तर घालावंच लागतं. गेला सगळा उंधियू काकूंकडे. तेव्हापासून घरीच करते, मुठिया लिंबू पिळून भिजवते, आणि खर्च निम्म्याच्या पण खाली येतो.

एक गोष्ट कोकणातून इकडे आल्यावर बदलली ती नारळाची. दूध चालत नाही म्हणून आजीच्या मटणात नारळाचं दूध, खिरीत नारळाचं दूध, गव्हाच्या चिकाच्या हलव्यात तर किती ते विचारूच नका. तिकडे नारळ अंगणातला होता, इथे प्रत्येक नारळ पैसे मोजून, आणि मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत नारळाचं कालवण रात्री केलं की सकाळी आंबलेलं. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शनिवार दुपारपर्यंतचं करून ठेवायचं, मग काय करणार? आईने शेंगदाणे आणले. भाजून सालं काढून भिजवून पाट्यावर वाटायचे, थोडे तीळ, आणि आंबटाला चिंच नाहीतर आमसूल. चव वेगळी येते, आजी कायम नाक मुरडायची, पण परवडतं आणि टिकतं पण जरा जास्त. तसे आम्ही शनवार तेलीच, कोकणात आमचे लोक घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ते नाव, तर तेलबियांशी आमचं जुनं नातं आहे असं आई म्हणायची.

आणि सणांची नावं तरी बघा. आमच्या आव महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपास सुटतो त्याला बिरड्याचा सण म्हणतात, कडवे वाल भिजवून मोड आणून रात्री सगळ्यांनी गोल बसून सोलायचे, बोटांना तो हिरवट वास दोन दिवस राहतो. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण, पुढे खिरीचा सण. हंगामातलं पहिलं फळ तोंडात टाकायच्या आधी एक आशीर्वाद म्हणायचा असतो, आमच्या घरी नव्याच्या सणाला त्यासाठी सीताफळ ठेवतात, तेव्हाच यायला लागलेलं असतं. बारा महिने कोल्ड स्टोरेजमधलं सफरचंद खाणाऱ्याला त्यात काय गंमत येणार. मलिद्याचं पण तेच, भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वेलची आणि वर जी मिळतील ती फळं, थंडीत पेरू चिकू, उन्हाळ्यात आंबा.

वाइनच्या बाटलीचा फोटो छापलात तेव्हा तुमच्या लोकांनी निदान पत्ता तरी बघायचा, गुजरातमध्ये दारूबंदी आहे साहेब! आमच्याकडे शुक्रवारी सकाळी मूठभर काळ्या मनुका पाण्यात टाकतात, संध्याकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळतात, त्या सरबतावर शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आशीर्वाद होतो. चोथा पण टाकत नाही, चिंच आणि लाल तिखट घालून रविवारी चटणी.

तर माझं म्हणणं एवढंच की ती चौकट दुरुस्त करून परत छापा. आणि तेवढी जागा नसेल तर एक काम करा, खंडेराव मार्केटचे भाजीचे भाव पूर्वी पेपरात यायचे तसे दर आठवड्याला छापत जा, पापडी उतरली का, तुरी आल्या का, कंद कसा आहे. फक्त गुरुवारी छापा. रविवारच्या पुरवणीत छापलेत तर माझ्या काय उपयोगाचे, शुक्रवारी दुपारी चार वाजता माझा गॅस बंद झालेला असतो.

आपली,
दांडिया बाजारातली एक जुनी वाचक, वडोदरा