शहाद्याहून आईचं पत्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद. कानबाईचे रोट झाले, घरी सगळे बरे आहेत.

परवा फोनवर तिकडे अमेरिकेत तुझ्या वर्गातल्या काळ्या मुलीचा विषय निघाला तेव्हा तू सहज बोलून गेलास, "त्यांच्यात सगळं मोकळंच असतं गं, रूमवरची पोरं सांगतात." हे वाक्य मी कोर्टात आमच्या वकिलांच्या बाररूममध्ये वर्षानुवर्षं ऐकतेय. इथे ते पावरा नि भिल्ल आदिवासी बायकांबद्दल असतं.

भोंगऱ्याचंच बघ. होळीआधीचा बाजार तो. गूळ-डाळ्या, कपडे, ढोल. सणाचं सामान घ्यायला पाडेच्या पाडे खाली उतरतात. तरी दरवर्षी कुठेतरी छापून येतंच की पोरी तिथून गुलाल लावून पळून जातात. आदिवासी संघटना नाही-नाही सांगून थकल्या. वाचणाऱ्याची करमणूक होते, पण पुढे एखादी पावरा पोर फिर्यादी म्हणून उभी राहिली की उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, "भोंगऱ्याला जातेस ना?" पाटलाच्या लेकीला हा प्रश्न येत नाही. तिला ऐकावं लागतं की घरंदाज बाई गप्प बसली असती. तेही काही कौतुक नव्हे!

मथुरा कोवळी आदिवासी पोर होती. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. सेशन्स कोर्टाने तिलाच खोटारडी नि शरीरसंबंधांना सरावलेली ठरवलं. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या म्हणे. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 ला कायदा बदलला.

आता तुझ्या मिसूरीतलं ऐक. सेलिया नावाच्या गुलाम मुलीवर मालक वर्षानुवर्षं बलात्कार करत होता. 1855 मध्ये तिच्या हातून तो मेला. अब्रू वाचवणाऱ्या 'कोणत्याही स्त्री'ला तिथल्या कायद्याचं संरक्षण होतं, वकिलाने तेच मांडलं. न्यायाधीशाने ते गुलाम बाईला लागू धरलं नाही. तिला फाशी झाली. गोरी बाई अब्रूदार नि काळी मुळातच 'तसली', ही समजूत मालकांच्या फार सोयीची होती. जिला अब्रूच नाही, तिच्यावर जबरदस्ती झाली असं म्हणणार कोण?

तुझ्या रूमवरची पोरं त्या मालकांची वकिली करतायत, तीही फुकटात. त्यांच्याशी भांड असं मी म्हणत नाही. पण प्रोजेक्टच्या गटात त्या मुलीला का घेतलं नाही, ते रविवारी फोनवर मला नीट सांग.

तुझी आई